आत्मशिस्त आणि ध्येय
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात मी ‘आत्मशिस्त आणि ध्येय’ या विषयावर बोलावे, असे कार्यकारी मंडळाने सुचविले. मी कोणी मोठा विद्वान नाही. मराठी आणि इतिहास शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. रोज सकाळी वर्गाची हजेरी घेताना, हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जाताना पाहून जे विचार मनात येतात, तेच आपल्यासमोर मांडणार आहे. भाषण थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपल्यापैकी पुष्कळांना सच्चर समितीचे नाव ठाऊक आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झाला. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण ६५.१ टक्के असताना मुस्लिम समाजाचे ५९.१ टक्के होते, असे त्यात नमूद आहे. त्याहूनही मन खिन्न करणारी दुसरी गोष्ट त्या अहवालात आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या आपल्या दर चार मुलांपैकी एक मूल एकतर शाळेत कधी गेलेच नव्हते किंवा शाळा सोडून गेले होते. हे आकडे आता जुने झाले. तेव्हापासून आपली मुले-मुली पुढे आली आहेत, हे या सभागृहातील गर्दीच सांगते. तरीसुद्धा नववीत चाळीस असलेला पट बारावीपर्यंत किती उरतो, हे आम्हां शिक्षकांना विचारा.

याला कारणे अनेक आहेत. गरिबी आहे, कॉलेज दूर आहे, सरकारी योजना वेळेवर पोहोचत नाहीत. ही कारणे खरी आहेत आणि त्यांच्याविरुद्ध आपण सर्वांनी मिळून झगडलेच पाहिजे. परंतु आज मी त्यांच्याविषयी बोलणार नाही. जे आज रात्रीपासून, आपल्या स्वतःच्या घरात, कोणाच्याही मंजुरीवाचून करता येण्यासारखे आहे, तेवढ्यापुरतेच बोलणार आहे.

शिस्त कशाला म्हणावे?

शिस्त हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर छडी उभी राहते. “सर, आमच्या मुलाला जरा शिस्त लावा,” असे म्हणत कितीतरी पालक शाळेत येतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यांना जे हवे असते ते बहुधा शिस्त नसून धाक असतो. धाकाचा एक मोठा दोष आहे. धाक दाखविणारा माणूस समोर असेपर्यंतच तो टिकतो. गुरुजी वर्गाबाहेर गेले की वर्गाचा बाजार होतो आणि वडील नोकरीसाठी परदेशी गेले की घरातील पुस्तकांवर धूळ साचते. आपल्या भागात तर वडील परदेशी असलेली घरे थोडीथोडकी नाहीत. तेथे धाकावर उभे राहिलेले शिक्षण किती दिवस टिकणार?

आत्मशिस्त निराळी आहे. कोणी पाहत नसताना माणूस जे करतो, ती त्याची आत्मशिस्त. ती बाहेरून लादता येत नाही. आतून उगवावी लागते. मात्र शेतात पीक आपोआप येत नाही, जमीन तयार करावी लागते, तसेच याही बाबतीत आहे.

शिस्त आपल्या घरात आहेच

काही लोक म्हणतात, आपल्या मुलांना शिस्तच नाही. मला हे मुळीच मान्य नाही. रमजान महिना आठवा. पहाटे सहेरीसाठी घरातले दहा-बारा वर्षांचे पोरसुद्धा एका हाकेसरशी उठते. दिवसभर स्वयंपाकघरात पाण्याचा माठ भरलेला असतो. घरात कोणी नसते, कोणी पाहत नसते, तरीही ते पोर घोटभर पाणी पीत नाही. सूर्यास्ताला दोन मिनिटे बाकी असताना खजूर हातात धरून बसते, पण तोंडात घालत नाही. याहून मोठी आत्मशिस्त ती कोणती? आणि ती छडीने आलेली नाही. आपण हे कशासाठी करतो आहोत, हे त्या मुलाला ठाऊक आहे. घरातील थोर माणसे तेच करीत आहेत, हे ते पाहते. आणि केव्हा सुरू करायचे, केव्हा संपवायचे, याची वेळ ठरलेली आहे. हेतू, सोबत आणि ठरलेली वेळ या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवा. पुढे मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

आता आपल्या धंद्यांकडे पाहा. आपल्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांतील वडीलधारी माणसे जहाजावर नोकरीस होती आणि आहेत. जहाजावर चार तासांची पाळी असते. ती मध्यरात्री लागो की पहाटे, समुद्र शांत असो की खवळलेला, माणूस वेळेवर हजर राहतोच. आपले टेलरमास्तर कापडाला कात्री लावण्यापूर्वी माप पुन्हा तपासतात, कारण चुकून कापलेले कापड पुन्हा सांधता येत नाही. ही शिस्तच आहे.

मिरजेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तेथील सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस संपले आणि त्यांचा धंदा बसला. तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर आणि त्यांच्या घरातील मंडळी कपाळाला हात लावून बसली नाहीत. हातातले तेच कसब त्यांनी वाद्ये घडविण्याकडे वळविले. वाळलेला भोपळा निवडावयाचा, लाकूड मुरू द्यावयाचे, पडदे बसवावयाचे, जवारी काढावयाची. यात उतावळ्या माणसाचे काम नाही. पिढ्यान् पिढ्या हे काम चालत आले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

यावरून मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, शिस्त आपल्याकडे नवीन आणावयाची नाही. ती आपल्या नमाज-रोजात आहे, आपल्या हातांत आहे, आपल्या कारागिरीत आहे. फक्त ती पुस्तकाकडे वळवायची आहे.

ध्येय हवे, पण ते स्वतःचे हवे

आता ध्येयाविषयी. वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारतो, “पुढे काय होणार?” पंधरा मुले डॉक्टर होणार असतात, दहा इंजिनिअर आणि उरलेली गप्प असतात. पुन्हा विचारले की डॉक्टर होण्यासाठी बारावीला कोणते विषय घ्यावे लागतात, तर पंधरातल्या बारा जणांना सांगता येत नाही. याला मी ध्येय म्हणत नाही. हे दुसऱ्याकडून उसने आणलेले वाक्य आहे. ज्या ध्येयासाठी उद्या सकाळी काय करायचे हे सांगता येत नाही, ते ध्येय अजून आपले झालेले नाही.

नववीच्या वर्गातील एका मुलाची हकिकत सांगतो. सुट्टीत तो एका गॅरेजमध्ये काम शिकायला जात असे. तेथे सकाळी आठच्या ठोक्याला हजर. शाळेत मात्र आठवड्यातून दोन दिवस दांडी. एक दिवस मी त्याला जवळ बसवून कारण विचारले. तो म्हणाला, “सर, गॅरेजात काम संपले की गाडी चालू होते. शाळेत काम संपले की काय चालू होते, ते कळत नाही.” मित्रहो, या उत्तरात उद्धटपणा नव्हता. मुलाने अगदी खरी गोष्ट सांगितली होती. मी त्याला आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाची माहिती काढून दिली. त्याला दहावी पास व्हावे लागते आणि त्यात गणित व विज्ञान असावे लागते, हे दाखविले. त्या दिवसापासून गणिताचे पुस्तक त्याला गॅरेजच्या रस्त्यावरचे वाटू लागले. तो काही पहिल्या नंबराने पास झाला नाही. पण पास झाला, आणि आज आय.टी.आय.त शिकतो आहे. मुलगा तोच, शाळा तीच. कशासाठी हे कळल्याबरोबर त्याची पावले सरळ पडू लागली.

दुसरी एक गोष्ट विशेषतः मुलांना सांगतो, कारण “शिकून काय करायचे, शेवटी आखातात तर जायचे” असे बोल माझ्या कानांवर नेहमी पडतात. जरूर जा. परदेशी कमाई करून घर उभे करणे यात कमीपणा मुळीच नाही. पण जाण्यापूर्वी एवढे समजून घ्या. १९८३ च्या स्थलांतर कायद्याच्या व्यवस्थेत, जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर तपासणी आवश्यक असल्याची नोंद होते आणि सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, अमिरात यांसारख्या देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते. दहावी पास झालेल्याला ही अट लागत नाही. ही तपासणी अशिक्षित कामगाराला फसवणुकीपासून वाचविण्यासाठी ठेवलेली आहे. याचा अर्थ काय झाला? ज्याच्याजवळ शिक्षण नाही त्याची फसवणूक होण्याचा धोका अधिक, हे सरकारलाही कळते. मग ते आपल्याला का कळू नये? जो इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र, थोडे इंग्रजी आणि करारपत्र वाचण्याची अक्कल घेऊन जातो, तो आणि जो नुसते दोन हात घेऊन जातो तो, एकाच विमानातून उतरले तरी दोघांचे पगार आणि दोघांचा मान सारखा राहत नाही.

रामेश्वरमचा एक मुलगा

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव माहीत नाही असे मूल आपल्या शाळेत नसेल. पण त्यांचा फोटो भिंतीवर लावणे निराळे आणि त्यांचा दिनक्रम समजून घेणे निराळे. त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी रामेश्वरम येथे झाला. लहानपणी ते पहाटे चार वाजता गणिताच्या शिकवणीला जात. ते गुरुजी विनामूल्य शिकवीत, पण अंघोळ करून न आलेल्या मुलाला शिकवीत नसत. म्हणून त्यांची आई त्यांच्याही आधी उठून त्यांना तयार करी. शिकवणीहून परतल्यावर वडील त्यांना नमाजला आणि कुरआन शरीफ शिकायला नेत. त्यानंतर वर्तमानपत्रांचे काम. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गाडी रामेश्वरमला थांबेनाशी झाली होती. चालत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे गोळा करून हा मुलगा गावात वर्तमानपत्रे वाटीत असे. आणि मग शाळा.

या हकिकतीत कलामांची हुशारी बाजूला ठेवा आणि त्यांच्या आईकडे पाहा. मुलगा चारला उठावा असे तिला वाटत होते, म्हणून ती स्वतः आधी उठत होती. वडील “जा, नमाज पढ” असे म्हणत नव्हते. बरोबर घेऊन जात होते. मघाशी मी जी सोबत म्हटली, ती हीच.

पुढे मद्रास येथील तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा फीपुरते पैसे घरात नव्हते. बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. ते दागिने स्वतःच्या कमाईने सोडवायचे, असा कलामांनी मनाशी निश्चय केला. त्यांचा हेतू असा हाताला जाणवणारा होता. त्याच संस्थेत विमानाच्या आराखड्याचे काम मागे पडले, तेव्हा प्राध्यापकांनी तीन दिवसांची मुदत दिली आणि काम न झाल्यास शिष्यवृत्ती बंद होईल असे बजावले. त्यांनी जेवणाचे भान न ठेवता काम पुरे केले.

आणि अपयश? तेही त्यांना आले. हवाई दलात वैमानिक व्हावे ही त्यांची फार इच्छा होती. देहरादूनच्या निवडीत पंचवीस उमेदवार होते, जागा आठ होत्या आणि कलामांचा क्रमांक नववा आला. पुढे इस्रोत त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एसएलव्ही-३ हे प्रक्षेपण यान १० ऑगस्ट १९७९ रोजी उडाले आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळले. त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे प्रमुख प्रा. सतीश धवन स्वतः उभे राहिले आणि त्यांनी अपयश आपल्याकडे घेतले. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी धवन यांनी कलामांना पुढे केले.

परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या वडिलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. निकालाच्या दिवशी चारचौघांत मुलाला घालूनपाडून बोलणारे वडील आणि “या वेळी झाले नाही, पुढच्या वेळी होईल” असे म्हणून स्वतः पुढे होणारे वडील, यांपैकी कोणाच्या घरचा मुलगा पुन्हा परीक्षेला बसेल, हे मी सांगायला नको.

सवय कशी लागते?

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी थोडे रोकडे बोलतो. तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री शपथ घेता, “पुढच्या वर्षी पहिल्या दिवसापासून अभ्यास करीन.” जूनमध्ये चार दिवस अभ्यास होतो, पाचव्या दिवशी मोडतो, आणि मोडला म्हणून सोडून दिला जातो. याविषयी लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी ९६ लोकांचा अभ्यास करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला त्या लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला अवघे १८, तर कोणाच्या बाबतीत हा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. महत्त्वाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचे फारसे बिघडले नाही. तेव्हा पहिले दोन महिने कष्टाचे जाणार हे धरूनच चाला, आणि एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

दुसरे असे की, “मी भरपूर अभ्यास करीन” असे ठरवू नका. “मगरीबच्या नमाजनंतर, पुढच्या खोलीतल्या खिडकीजवळ, अर्धा तास बीजगणित” असे ठरवा. वेळ, जागा आणि काम अशा तिन्ही गोष्टी ठरल्या की मनाला पळवाट राहत नाही. आपल्या दिवसाचे तर पाच वेळा आधीच ठरलेले आहेत. त्यांना अभ्यास जोडून दिला की वेगळे घड्याळ लावण्याचीही गरज नाही.

तिसरे, धडा नुसता पुन्हा पुन्हा वाचू नका. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग करून पाहिला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे वाचून “मला येते” असे वाटणे हा पुष्कळदा भास असतो. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून पाहा. जे येत नाही तेच पुन्हा वाचा.

चौथे, झोप. रात्र रात्र जागणे म्हणजे मेहनत, असा आपल्याकडे समज आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात. पहाटे उठायचे असेल तर रात्री लवकर निजले पाहिजे, हा साधा हिशेब आहे. आणि तो हिशेब कोण बिघडवितो, हे तुम्हांला आणि मला, दोघांनाही ठाऊक आहे. उशाशी ठेवलेला मोबाईल! मोबाईल वाईट आहे असे मी म्हणत नाही; त्यावर शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण मोबाईल हातात असताना “मी पाहणार नाही” असा निश्चय करणे म्हणजे मनाशी रोज नवी कुस्ती खेळणे आहे. त्यापेक्षा अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत, आईजवळ ठेवावा. मोह दूर ठेवणे हा आत्मशिस्तीचाच भाग आहे.

मुलींच्या वाट्याचा वेळ

येथे मुलींसंबंधी चार शब्द बोलणे मला अगत्याचे वाटते. आम्ही म्हणतो, मुली अभ्यासात मुलांच्या पुढे असतात. खरे आहे. पण त्या कोणत्या परिस्थितीत पुढे असतात, हे आम्ही पाहतो का? एकाच घरातील भाऊ आणि बहीण शाळेतून येतात. भाऊ दप्तर टाकून मैदानावर जातो. बहीण पाणी भरते, भांडी घासते, लहान भावंडाला घेते, भाकऱ्या करायला आईच्या मदतीला जाते. रात्री नऊ वाजता दोघांनाही “अभ्यासाला बसा” असे सांगितले जाते. त्या वेळी एकाच्या अंगात जोर असतो आणि दुसरीचे डोळे मिटत असतात. मुलीला आत्मशिस्त नाही असे कोण म्हणेल? तिच्याजवळ वेळ नाही. घरकाम दोघांत वाटून द्या. भावाने दोन हंडे पाणी आणल्याने त्याचे काही कमी होत नाही. उलट त्यालाही शिस्त लागते.

सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना माहेराहून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्या पत्रात येतो. आपल्या सोबतिणीवर सावित्रीबाईंचा हा केवढा भरवसा! तो भरवसा आज आपल्या लेकींवर टाकायचा की दहावी झाली म्हणून त्यांचे दप्तर माळ्यावर टाकायचे, हे आपण ठरवायचे आहे.

पालकांना विनंती

सुज्ञ पालकहो, आता शेवटी आपल्याशी बोलतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांसमोर मिठाई ठेवून एक प्रयोग सुरू केला. थोडा वेळ धीर धरला तर एकाऐवजी दोन मिळतील, असे मुलांना सांगितले जाई. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात अधिक यशस्वी झाली, असे बरेच वर्षे सांगितले गेले. परंतु २०१८ साली याहून पुष्कळ अधिक मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर हा फरक फारच कमी झाला. म्हणजे धीर हा मुलाच्या रक्तातच असतो असे नाही. घरचाही त्यात मोठा वाटा असतो.

आणखी एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाई ठेवण्याआधी काही मुलांना चित्रे काढायला चांगले रंग आणून देण्याचे वचन दिले आणि ते पाळले. दुसऱ्या मुलांना वचन दिले आणि रिकाम्या हाताने परतले. नंतर मिठाई ठेवली. ज्यांच्याशी वचन पाळले होते ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची निराशा झाली होती ती अवघी तीन मिनिटे. ज्याला शब्दावर विश्वास ठेवण्याचा अनुभवच नाही, त्याने धीर धरायचा कशाच्या आधारावर?

म्हणून माझी पहिली विनंती ही की मुलाला दिलेला शब्द पाळा. “पास झालास तर सायकल घेईन” असे म्हटले असेल तर घ्या. घेणे जमणार नसेल तर म्हणू नका. दुसरी विनंती, घरात अभ्यासाची एक जागा ठरवा. वेगळी खोली नको. चटईचा एक कोपरा पुरे. तिसरी विनंती, मगरीब ते इशा हा वेळ घरात टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा, आणि तो नियम मोठ्यांनीही पाळा. आपण बातम्या पाहत बसलो आणि मुलाला पुस्तकाकडे पाठविले, तर त्याचे डोळे पुस्तकावर आणि कान टीव्हीवर राहतील. आई-वडील शिकलेले नसले तरी हरकत नाही. जवळ बसून कापड शिवा, तांदूळ निवडा, जाळे विणा. पण जवळ बसा. जे वडील परदेशी आहेत त्यांनी फोनवर “मार्क किती?” एवढेच विचारू नये. “आज काय शिकलास, मला समजावून सांग,” असे म्हणावे. समजावून सांगताना मुलाचा धडा पक्का होतो आणि बापाचा सहवासही मिळतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांनीही हेच ओळखले होते. १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १९०६ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघाले. त्या मंडळींनी आपल्या हातून होईल ते केले आणि दारे उघडून ठेवली. आपली ही संस्थासुद्धा देणगीदारांच्या पै-पैशातून उभी राहिली आहे. इमारत उभी करणे हे संस्थेचे काम होते आणि ते तिने केले. त्या इमारतीत रोज वेळेवर येणे आणि घरी जाऊन शांतपणे अर्धा तास बसणे, हे काम मात्र कोणतीही संस्था आपल्यासाठी करू शकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. त्यावर तीनच ओळी लिहा. मला काय व्हायचे आहे? त्यासाठी या वर्षी काय पुरे करायचे आहे? आणि त्यासाठी उद्या, किती वाजता, कोठे बसायचे आहे? तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. पहिली ओळ बदलली तरी चालेल; या वयात ती बदलतेच. पण तिसरी ओळ रोज पाळणारा मुलगा किंवा मुलगी, पहिली ओळ बदलली तरी, रिकाम्या हाताने राहत नाही. तो कागद आई-वडिलांना दाखवा आणि अभ्यासाच्या जागेवर चिकटवून ठेवा. सत्तर दिवसांनी तो घेऊन माझ्याकडे किंवा आपल्या वर्गशिक्षकांकडे या. आम्ही सारे वाट पाहू.

 आपल्या मुलांच्या प्रयत्नांना यश येवो, अशी अल्लाहजवळ दुआ करतो आणि माझे दोन शब्द पुरे करतो. खुदा हाफिज.